कोरडी दरी कशी तयार होते? मॅलम (इंग्लंड) येथील वॉटलोज घळईतून एक अभ्यास-फेरी

चुनखडकाच्या प्रदेशातील भूरूपे शिकताना 'कोरडी दरी' हा शब्द पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीत येतो आणि मागे पडतो. गुहा, लवणस्तंभ, विलयविवरे यांना चित्रे मिळतात; कोरड्या दरीला व्याख्या मिळते : 'जिच्या तळाशी नदी वाहत नाही अशी दरी.' व्याख्या बरोबर आहे, पण खरा प्रश्न तिच्या पुढे सुरू होतो. नदी नसेल तर दरी कोरली कोणी? आणि ज्या पाण्याने ती कोरली ते आता कुठे आहे? या पाठात आपण एकच दरी घेणार आहोत आणि ती पायी चालत, खालून वर, म्हणजे जुन्या प्रवाहाच्या उलट दिशेने पाहणार आहोत. उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर डेल्स राष्ट्रीय उद्यानात मॅलम नावाचे छोटे गाव आहे. त्याच्या उत्तरेला असलेल्या या दरीचे नाव वॉटलोज.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे 'कोरडी' म्हटले की उन्हाळा डोळ्यांसमोर येतो. नगर जिल्ह्यातील साम्रदजवळची सांधण दरी अनेकांनी पाहिली असेल. हिवाळ्यात तिच्या तळातून चालता येते, पण पावसाळ्यात तिथे पाय ठेवणे धोक्याचे असते, कारण तिचे पाणी तिचेच आहे. ऋतू आला की ते परत येते. बेसाल्टमधील घळी बहुधा अशाच. वॉटलोजचे तसे नाही. मॅलमच्या माथ्यावर वर्षाला सुमारे 1500 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बाराही महिने विभागून पडतो. कोरड्या ऋतूचा तिथे पत्ता नाही. भर पावसात छत्री धरून तुम्ही या दरीच्या तळातून चालू शकता, आणि तरीही तिच्यात ओढा नसतो. म्हणजे या कोरडेपणाचे कारण हवामानात नाही, खडकात शोधावे लागेल.

खडक आणि पाणी

हा खडक कार्बोनिफेरस कालखंडातील, म्हणजे साधारण 33 कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्रात साचलेला चुनखडक. स्थानिक नाव 'ग्रेट स्कार चुनखडक'. तो घट्ट आहे. त्याचा हातात मावेल असा तुकडा पाण्यात ठेवला तर फारसे पाणी शोषत नाही. पण थरांमधील सपाट फटी आणि त्यांना छेदणाऱ्या उभ्या भेगा यांचे जाळे त्यात सर्वत्र आहे. पावसाचे पाणी हवेतील आणि विशेषतः मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य कार्बोनिक आम्ल बनते. त्याच्या संपर्कात कॅल्शियम कार्बोनेटचे कॅल्शियम बायकार्बोनेट होते आणि ते विरघळून वाहून जाते. यालाच आपण कार्बनीकरण म्हणतो. फट रुंदावते, रुंद फटीतून जास्त पाणी जाते, जास्त पाण्याने ती आणखी रुंदावते. हजारो वर्षांनी जमिनीखाली नळांचे जाळे तयार होते आणि पृष्ठभागावरचे पाणी त्यात उतरते.

इथवर सोपे आहे. अडचण अशी की एवढ्याने कोरडी दरी सिद्ध होत नाही. पाणी जर नेहमीच खाली जात असेल तर वर दरी कोरली जायलाच नको होती. ती कोरली गेली आहे, याचा अर्थ कधीकाळी हे नळ पुरे पडत नव्हते किंवा बंद होते.

गावापासून कोव्हपर्यंत

मॅलम गावातून उत्तरेकडे दीड किलोमीटरच्या आत एक प्रचंड पांढरट कडा समोर येतो. हा मॅलम कोव्ह. उंची सुमारे 80 मीटर, रुंदी सुमारे 300 मीटर, आकार आत वळलेल्या कमानीसारखा. पायथ्याशी, अगदी कड्याच्या बुडातून, एक ओढा शांतपणे बाहेर पडतो. कड्यावरून काहीच पडत नाही. खाली पाणी आणि वर कोरडा ओठ, हे दृश्य विद्यार्थ्याने थांबून नीट पाहावे, कारण पुढचा सगळा प्रश्न त्यात आहे.

हा कडा इथे का आहे? कोव्हच्या दक्षिणेला मध्य क्रेव्हन प्रस्तरभंग गेला आहे. त्याच्या उत्तरेकडील चुनखडक उंच राहिला आणि दक्षिणेकडील भाग खाली गेला. मूळ कडा या प्रस्तरभंगावर होता. तो मागे सरकत सरकत आज सुमारे 600 मीटर उत्तरेला आला आहे. अनेक मार्गदर्शक पुस्तिका सांगतात की हिमनदीच्या वितळलेल्या पाण्याच्या धबधब्याने कोव्ह कोरला. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. वरून येणारी वॉटलोज दरी अरुंद आहे. फक्त तिच्याच धबधब्याने काम केले असते तर मागे सरकलेली खाच अरुंद झाली असती, 300 मीटर रुंदीची कमान नव्हे. कड्यावरून गेलेल्या बर्फाने खडकाचे ठोकळे उपटणे, पायथ्याच्या झऱ्याने बूड पोखरणे आणि मधोमध धबधब्याचे काम, असे तिन्ही मिळून पाहिले तरच हा आकार पटतो. ओठाचा मधला भाग थोडा खचलेला दिसतो, तीच जुन्या धबधब्याची जागा.

या धबधब्याचे एक अलीकडचे प्रात्यक्षिक झाले आहे. 6 डिसेंबर 2015 रोजी 'डेझमंड' वादळाच्या मुसळधार पावसात मॅलम कोव्हवरून पाणी कोसळले. जिवंत माणसांच्या आठवणीत असे पहिल्यांदाच घडले. काही तास इंग्लंडमधला सर्वांत उंच सलग धबधबा तिथे होता, आणि मग तो बंद झाला. जमिनीखालचे नळ तुडुंब भरले, उरलेले पाणी जुन्या वाटेने आले, नळ मोकळे झाल्यावर वाट पुन्हा कोरडी पडली. ही घटना लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

ओठावरची फरशी

कोव्हच्या पश्चिम बाजूने सुमारे 400 दगडी पायऱ्या चढून माथ्यावर जाता येते. हीच वाट 'पेनाइन वे' या लांब पल्ल्याच्या पदमार्गाचा भाग आहे. माथ्यावर उघड्या चुनखडकाची फरशी पसरलेली आहे. हत्तीच्या पाठीसारखे गुळगुळीत ठोकळे, त्यांना तिथे क्लिंट म्हणतात, आणि त्यांच्यामधील खोल फटी म्हणजे ग्राइक. चालताना नजर पायाखाली ठेवावी लागते. लाखो पावलांनी हा दगड घासून काचेसारखा केला आहे, ओला असेल तर बूट सरकतो, आणि कड्याच्या कडेला कठडा नाही.

ही फरशी दोन टप्प्यांत घडली. बर्फाने वरची माती आणि झिजलेला भुसभुशीत खडक खरवडून थराचा घट्ट माथा उघडा केला. त्यावर पुन्हा मातीचे पातळ आवरण आले आणि त्या ओल्या, आम्लयुक्त मातीखाली भेगा रुंदावल्या. कडांचा गोलावा हा त्या काळाचा पुरावा. उघड्यावर पडणाऱ्या पावसाने विरघळलेल्या कडा इतक्या गोल होत नाहीत, त्या धारदार राहतात. नंतर माती फटींत वाहून गेली आणि फरशी उघडी पडली. फटींमध्ये वारा लागत नाही, ओल टिकते आणि मेंढ्यांचे तोंड पोहोचत नाही, त्यामुळे वर झाड नसले तरी आत जंगलातील नेचे वाढतात. बागांच्या सजावटीसाठी या फरशा पूर्वी तोडून विकल्या जात. 1981 च्या वन्यजीव व ग्रामीण प्रदेश कायद्याने त्यांना संरक्षण मिळाले.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फरशीचे महत्त्व वेगळे आहे. तिच्यावर उभे राहिले की खडक किती गळका आहे हे डोळ्यांनी दिसते. बादलीभर पाणी ओतले तर हातभरही वाहणार नाही. आणि याच फरशीच्या मागे, उत्तरेला, दरीचे तोंड उघडते.

घळईत

वॉटलोजमध्ये शिरले की दोन्ही बाजूंना राखाडी कडे आणि त्यांच्या पायथ्याशी तुटक्या दगडांचे उतार दिसतात. तळ गवताचा, मधून मेंढ्यांच्या कुरणाची दगडी भिंत गेलेली. सुमारे एक किलोमीटर अशी वाट आहे. तळाशी गोटे नाहीत, काठ नाहीत, वाळू नाही. ओढ्याची एकही ताजी खूण नाही.

जुन्या लिखाणात अशा घळयांसाठी एक आकर्षक कल्पना हमखास आढळते : ही जमिनीखालची गुहा होती आणि तिचे छत कोसळले. शेजारच्या गॉर्डेल स्कारबद्दलही हेच सांगितले जाई. ही कल्पना तपासायची कशी, हे इथे चालता चालता शिकता येते. छत कोसळले असते तर तळाशी छताचे अवाढव्य ठोकळे अस्ताव्यस्त पडलेले दिसले असते, मध्येच एखादी नैसर्गिक कमान शिल्लक राहिली असती, तळ कुठे खोल कुठे उंच झाला असता. वॉटलोजचा तळ मात्र एका दिशेने सलग उतरतो. ती नदीसारखी वळणे घेते. बाजूने आलेली कोरडी उपदरी तिला पातळी राखून मिळते. आणि ती नेमकी कोव्हच्या ओठावर जाऊन संपते. हे सगळे पृष्ठभागावरून वाहणाऱ्या पाण्याचे लक्षण आहे. कड्यांखालचे तुटके दगड छताचे नाहीत. भेगांत शिरलेले पाणी गोठून फुगल्याने कडे तुटत गेले, त्याचा तो चुरा आहे.

मग हे पाणी कधीचे? शेवटच्या हिमयुगाच्या परमोच्च काळात, साधारण 25 ते 20 हजार वर्षांपूर्वी, हा सगळा प्रदेश बर्फाखाली होता. त्यानंतरच्या काही हजार वर्षांत बर्फ हटला. हटताना त्याने प्रचंड पाणी सोडले. पण पाणी भरपूर असणे एवढेच पुरेसे कारण आहे का? इथे तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण परीक्षेच्या उत्तरांत त्या एकमेकांत मिसळलेल्या असतात.

पहिली गोष्ट गोठलेल्या जमिनीची. बर्फाच्या कडेला जमीन खोलवर कायम गोठलेली असते. भेगांतले पाणीही गोठते आणि गळका चुनखडक काही काळ बेसाल्टसारखा अभेद्य बनतो. उन्हाळ्यात वरचा बर्फ वितळला की पाण्याला खाली जायला वाट नसते. ते वरूनच वाहते. दुसरी गोष्ट गाळाची. हिमनदी आपल्याबरोबर खडकाचे पीठ, चिकणमाती आणि गोटे आणते. ते गुहांच्या तोंडांत बसतात आणि बूच लागल्यासारखे होते. तिसरी गोष्ट केवळ प्रमाणाची : नळ उघडे असले तरी त्यांच्या क्षमतेपेक्षा जास्त पाणी आले तर उरलेले वरून जाणारच. 2015 च्या डिसेंबरमध्ये घडले ते हेच. जमीन गोठलेली नव्हती, बूचही नव्हते, आणि तरी कोव्हवरून धबधबा पडला.

बहुतेक पाठ्यपुस्तके पहिल्या कारणावर थांबतात. 2015 च्या त्या दिवसामुळे निदान एवढे तरी दिसते की तिसरे कारण एकटेही वरून पाणी वाहवू शकते. परंतु काही तासांच्या पुराने एक किलोमीटरची घळई कोरली जात नाही. त्यासाठी दरवर्षी, दीर्घ काळ, जोराने वाहणारे आणि गोटे घासत नेणारे पाणी लागते, आणि ते मिळायला जमीन गोठलेली असणे आणि गाळाचे बूच असणे ही साथ हवीच. म्हणून तिन्ही कारणे एकत्र, कमी-अधिक प्रमाणात काम करत होती असे मानणे मला जास्त सयुक्तिक वाटते.

इथे चांगला विद्यार्थी एक शंका काढतो. कदाचित गुहा नंतर तयार झाल्या असतील? आधी नदी वर वाहत होती, मग खाली नळ विरघळून तयार झाले आणि नदी खाली गेली, एवढी साधी गोष्ट असेल, बर्फाची गरजच काय? याचे उत्तर पश्चिमेला, सेटल गावाजवळच्या व्हिक्टोरिया गुहेत सापडते. 1838 च्या सुमारास उघडकीस आलेल्या या गुहेच्या गाळात पाणघोडा, गेंडा आणि सरळ दातांचा हत्ती यांची हाडे मिळाली. पाणघोडा यॉर्कशायरमध्ये! ही हाडे सुमारे 1 लाख 20 हजार वर्षांपूर्वीच्या उबदार काळातील आहेत. म्हणजे शेवटच्या हिमयुगाच्या कितीतरी आधी या चुनखडकात मोठ्या गुहा तयार होत्या. जमिनीखालचे नळ आधीपासून होते. थंडीने ते बंद पाडले आणि उष्णतेने पुन्हा उघडले. हे एकदाच नाही, अनेक हिमयुगांत घडले असणार. वॉटलोज दरीही एका दमात कोरलेली नसावी.

सगळ्याच कोरड्या घळया हिमनदीच्या पाण्याने झाल्या असे मात्र लिहू नये. दक्षिण इंग्लंडमधील प्रसिद्ध चेडर घळई चुनखडकातच आहे, तिच्याहून कितीतरी मोठी आहे, पण तिथपर्यंत बर्फाची चादर पोहोचलीच नव्हती. तिथे गोठलेल्या जमिनीवरून वाहिलेले पाणी स्थानिक हिम वितळून आलेले होते.

पाणी गडप होते ती जागा

घळईच्या वरच्या टोकाला वाट खडकाच्या पायऱ्यांवरून चढून उजवीकडे वळते. कडे मागे पडतात, पठार उघडे होते, आणि थोड्याच अंतरावर एकदम ओढ्याचा आवाज येतो. भरपूर वाहता ओढा. तो गवतातून येतो, दगडगोट्यांत शिरतो आणि संपतो. भोवरा नाही, गुहेचे तोंड नाही; गोट्यांमधून पाणी झिरपत नाहीसे होते. ब्रिटिश सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर या जागेचे नावच 'वॉटर सिंक्स' आहे.

हा ओढा पठारावरच्या मॅलम टार्न या तळ्यातून येतो. समुद्रसपाटीपासून सुमारे 375 मीटरवर, गळक्या चुनखडकाच्या प्रदेशात तळे टिकतेच कसे? कारण ते चुनखडकावर नाही. इथे उत्तर क्रेव्हन प्रस्तरभंगामुळे चुनखडकाखालचा, त्याहून जुना, सिल्युरियन काळातील अभेद्य खडक पृष्ठभागाशी आला आहे, त्यावर हिमनदीने आणलेला चिकण गाळ आहे, आणि हिमोढाने पाणी अडवले आहे. ओढा जोवर या खडकावर आहे तोवर वाहतो. प्रस्तरभंग ओलांडून चुनखडकावर आला की गडप होतो. गडप होण्याच्या जागेपासून कोव्हच्या ओठापर्यंतचा सगळा मार्ग म्हणजे या ओढ्याची सोडलेली वाट.

आता साहजिक निष्कर्ष : इथे गडप झालेले पाणीच कोव्हच्या पायथ्याशी बाहेर पडते. सरळ खाली, एकाच रेषेत. दीर्घकाळ लोकांची तशीच समजूत होती. 19व्या शतकाच्या अखेरीस यॉर्कशायरच्या भूशास्त्र संस्थेने पाण्यात रंग आणि क्षार सोडून तपासले, पुढे विसाव्या शतकात अधिक काटेकोर चाचण्या झाल्या, आणि वेगळेच चित्र पुढे आले. टार्नचे पाणी मुख्यतः कोव्हला बगल देऊन गावाच्या दक्षिणेला 'एअर हेड' झऱ्यांवर निघते. लीड्स शहरातून वाहणाऱ्या एअर नदीचा हा उगम. कोव्हच्या बुडातून येणारे पाणी मुख्यतः पश्चिमेकडच्या पठारावर, जुन्या शिसे वितळवण्याच्या भट्टीजवळ गडप होणाऱ्या दुसऱ्या ओढ्याचे आहे. म्हणजे दोन प्रवाह जमिनीखाली एकमेकांना ओलांडून जातात. पृष्ठभागावर हे अशक्य आहे. जमिनीखाली वेगवेगळ्या पातळीवरचे नळ असतील तर शक्य आहे.

याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. वाळूच्या थरातून झिरपणारे भूजल हळू चालते आणि वाटेत गाळले जाते. चुनखडकाच्या नळांतून जाणारे पाणी ना थांबते, ना गाळले जाते. वर गडप झालेल्या ओढ्यात मेंढीचे कलेवर पडले असेल तर त्याचा परिणाम पलीकडच्या झऱ्यावर दिसू शकतो, आणि तो झरा नकाशावर सरळ खाली दिसणारा असेलच असे नाही. मेघालयात किंवा आंध्रातील कर्नूल भागात, जिथे चुनखडकात गुहा आहेत, तिथे झऱ्याच्या पाणलोटाची हद्द डोंगराच्या धारेवरून ठरवताना हीच काळजी घ्यावी लागते. रंग सोडून पाहिल्याशिवाय अशा झऱ्याचे पाणी कुठून येते हे सांगू नये.

स्वाध्याय

मॅलम परिसराचा समोच्चरेषा नकाशा घ्या. टार्नपासून कोव्हपर्यंत समोच्चरेषांची इंग्रजी 'व्ही'सारखी टोके कोणत्या दिशेला वळतात ते पाहा, आणि निळी रेषा कुठे तुटते व कुठे पुन्हा सुरू होते तिथे खुणा करा. दोन खुणांमधल्या भागात समोच्चरेषा नदी सांगतात आणि नकाशा नदी दाखवत नाही, हे आपल्या शब्दांत स्पष्ट करा. त्यानंतर भारतातील एखाद्या चुनखडक प्रदेशाचा असाच नकाशा घेऊन निळी रेषा अशी तुटलेली आढळते का ते शोधा. आढळल्यास तिथे गोठलेल्या जमिनीचे कारण लागू पडेल का, आणि नसेल तर दरी कोरली जाण्यासाठी दुसरे कोणते कारण संभवते, ते लिहा.